साडेतीनशेचं फडकं

आमच्या स्वयंपाकघरात सिंकखालच्या हुकाला एक फडकं लटकलेलं असतं. मुळात ते पांढरं होतं. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने काढलेली दोन अक्षरं अजून वाचता येतात, पण मधोमध तळहाताएवढा तांबूस पट्टा आहे आणि तो मी तीनदा ब्लीचमध्ये भिजवूनही गेलेला नाही. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, एवढा चांगला टर्किशचा टॉवेल फरशीला?" मी म्हटलं, "साडेतीनशेचा आहे, जपून वापरा." आतल्या खोलीत आई हसल्याचं ऐकू आलं. मला हसू आलं नाही. ते फडकं हातात आलं की पुण्यातल्या त्या हॉटेलच्या काउंटरसमोर मी काय काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतं. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. तरी घशात अडकल्यासारखं होतं.

पुण्यात हॉटेलात उतरायचं, हे वाक्य आमच्या घरात कोणी कधी उच्चारलंच नव्हतं. आईच्या लेखी हॉटेल म्हणजे खायची जागा, आणि तीही कधीमधी, घरी गॅस संपल्यावर. राहायची जागा म्हणजे लॉज, आणि लॉज हा शब्द ती अजून आवाज खाली आणूनच बोलते. पण गेल्या वर्षी जुलैत आमच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. सदाशिव पेठेतली आमची चार मजली इमारत पुनर्विकासाला गेली, आई सामानासकट माझ्याकडे नाशिकला आली आणि चार महिन्यांनी बिल्डरचा फोन आला की क्षेत्रफळात फरक पडलाय, पुरवणी करारनामा नोंदवायला यावं लागेल, सह्या आणि अंगठा समक्ष. कोथरूडला मामेभाऊ आहे, सिंहगड रस्त्याला मावसबहीण आहे. दोघांनीही मनापासून बोलावलं. आईने दोघांनाही नाही म्हटलं. "त्यांची पोरं एकेका खोलीत दारं लावून अभ्यास करतात. त्यांना बाहेर काढून मी त्यांच्या पलंगावर पडू?" मी म्हटलं, आपल्याकडे नव्हते का लोक यायचे? त्यावर ती एवढंच म्हणाली, "ते यायचे. मी कुठे गेले होते?"

हे खरंच होतं. आमच्या त्या दोन खोल्यांमध्ये सतत कोणीतरी उतरलेलं असायचं. कोणाची परीक्षा, कोणाचं ससूनमधलं ऑपरेशन, कोणाची मुलगी दाखवायची, कोणी नुसतंच तुळशीबागेतून लग्नाची भांडी घ्यायला आलेलं. रात्री ओळीने गाद्या पडायच्या आणि पाणी प्यायला उठलेलं माणूस अंधारात पाय कोणाच्या पोटावर पडणार नाही याचा हिशेब करत जायचं. मोरी एकच. सकाळी त्या मोरीवर आईची नजर असायची. पाहुणा आंघोळ करून बाहेर पडला की ती आत जाऊन दोन मिनिटांत खराटा मारून यायची, पुढच्याला जागा कोरडी मिळावी म्हणून. पाहुण्यांच्या पुढ्यात ताट ठेवताना जी हसरी दिसे तीच बाई मोरीतून येताना ओठ घट्ट मिटून यायची, हे मला फार उशिरा लक्षात आलं. थोडक्यात, सत्त्याहत्तर वर्षांत पुण्यात पाहुणी होण्याची तिला सवयच लागलेली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

हॉटेल डेक्कनच्या बाजूच्या एका गल्लीत होतं. बाहेरून काचेचं, आत पाऊल टाकलं की काळी ग्रॅनाइटची फरशी, इतकी लख्ख की आईने दारातच चपला काढल्या. मागून येणाऱ्या माणसाने "आजी, चालतं, घाला" म्हटल्यावर तिने त्या घातल्या, पण लिफ्टपर्यंत ती चवड्यांवर चालत गेली. काउंटरवर पितळी गणपती, त्याला कापडी झेंडूंचा हार, आणि गुलाबाच्या फवाऱ्याचा वास. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा तो वास संपला. पावसाळ्यात बंद घरात जो कुबट वास कोंडतो तो तिथल्या गालिच्यातून येत होता. आई क्षणभर थांबली. "पूर ओसरल्यावर घराला असा वास यायचा," म्हणाली आणि चालू लागली. खोलीत पलंगावर कडक इस्त्रीची चादर आणि तिच्यावर टॉवेलची घडी घालून केलेलं एक पांढरं बदक. राजहंस असावा, पण मान वाकडी होती. आईने ते बदक बराच वेळ न्याहाळलं, मग शेपटीला धरून उलगडलं. बदकाच्या पोटात एक लांब केस निघाला. मग आम्ही दोघींनी चादर वर केली. पायाकडच्या बाजूला चहाचा की कशाचा, रुपयाएवढा तपकिरी डाग, धुऊन इस्त्री झालेला. पुण्याच्या माणसाला ही घाणीची जात जरा जास्तच खुपते. उघडी घाण परवडते, कपडे घालून बसलेली नाही.

कमोडवर कागदी पट्टी आडवी लावलेली होती, तिच्यावर 'सॅनिटाइज्ड' असं छापलेलं. आईने चष्मा लावून ती वाचली, कडेने आत डोकावली आणि म्हणाली, "पट्टी बांधणाऱ्याने खाली वाकून पाहिलं नाही वाटतं." फरशी कोपऱ्यांत पिवळी धमक झालेली. टँकरच्या जड पाण्याचे क्षार वर्षानुवर्षं साठले की होते तशी. जाळीत केस. नळाखाली लोखंडी पट्टीचा गंज ओघळून खाली आलेला. आणि आरशाशेजारी, प्लास्टिकच्या चौकटीत, मराठी आणि इंग्रजीत सूचना: टॉवेलने पादत्राणे पुसू नयेत. टॉवेल अथवा चादरीवर डाग पडल्यास शुल्क आकारण्यात येईल.

"आणि यांच्या डागांचं काय?" आई म्हणाली.

मी नऊ नंबर फिरवला. दोनदा नुसतीच रिंग गेली, तिसऱ्यांदा कोणीतरी "पाठवतो मॅडम" म्हणालं आणि पस्तीस मिनिटांनी एक पोरगा आला. वीस-बावीसचा असेल, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. हातात काय, तर सुगंधी फवारा. तो त्याने बाथरूममध्ये तीनदा फुसफुसवला. चादर मात्र त्याने अशी बदलली की पाहत राहावं. एका झटक्यात पसरली, चार कोपरे चार हातांनी ओढल्यासारखे ताणले, उशा थोपटल्या. फरशीचं विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, लिक्विडची खोली बंद ऱ्हाती रात्रीची. सकाळी करतो की." जाताना आईला वाकून नमस्कार करून गेला. मी चिडलेलीच होते आणि त्या नमस्काराने जास्तच चिडले, कारण आता ओरडायची सोय राहिली नाही.

सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात होता. तळमजल्यावर लांब टेबल, झाकणाची स्टीलची भांडी, खाली मेणबत्त्या. पोहे त्या वाफेवर किती वेळ बसले होते कोण जाणे, डावाने उचलले की वडीसारखे निघत होते. वर पेरलेला कांदा कच्चा, शेंगदाणे मऊ. उपमा होता, तो गिळता आला. संत्र्याच्या रंगाचं काहीतरी जगमध्ये होतं. चहासाठी गरम पाणी आणि दोरीच्या पुड्या. आईने एक पुडी बुडवली, वर काढली, परत बुडवली आणि कप बाजूला सरकवला. मग आम्ही बाहेर पडून कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात गेलो. तिथे पितळी पातेल्यावर फडक्यातून चहा गाळला जात होता आणि आलं-वेलदोडा ठेचल्याचा ठकठक आवाज येत होता. ते फडकं चहाने काळंकुट्ट झालेलं होतं. आईने त्याकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला आणि काही बोलली नाही. स्वच्छतेच्या बाबतीत तिची मापं सरळ रेषेत चालत नाहीत, हे मी फार पूर्वी सोडून दिलेलं कोडं आहे. एक गोष्ट मात्र मी त्या वेळी पाहिली आणि दुर्लक्षली. नाश्त्याच्या टेबलावरून उठताना तिने पोह्यांशेजारच्या बशीतल्या लिंबाच्या फोडी, पाच-सहा तरी, कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या होत्या. मला वाटलं, प्रवासात उलटीसाठी.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तो दिवस गेला. आधी सर्व्हर बंद. मग सर्व्हर सुरू झाला तर आईचा अंगठा उमटेना. यंत्रावर ठेवायचा, लाल दिवा. दाबून ठेवायचा, लाल दिवा. तिथल्या पोराने नेहमीचे उपाय सांगितले. आजी, अंगठा पदराला पुसा. आजी, कपाळावर घासा, जरा तेलकट होईल. आईने सगळं केलं. मागे रांग वाढत होती आणि बिल्डरचा माणूस फोनवर "आज होईल असं वाटत नाही" सांगत होता. "भांडी घासून रेषा गेल्या हो," आई त्या पोराला म्हणाली, जणू तिचाच अपराध. शेवटी उद्या या म्हणाले. म्हणजे हॉटेलात आणखी एक रात्र. परतताना तिने रिक्षा आमच्या गल्लीतून घ्यायला लावली. पत्र्यांच्या कुंपणामागे इमारत अर्धी उतरवलेली होती. पुढची भिंत गेल्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचं आमचं स्वयंपाकघर बाहुलीच्या घरासारखं रस्त्यावरून दिसत होतं. ओटा नव्हता, पण त्याच्यामागच्या हिरव्या टाइल्स जागेवर होत्या, पावसाने धुतलेल्या. रिक्षावाल्याने मीटरकडे पाहत विचारलं, थांबायचंय का. आई म्हणाली, "नको. बघ, अजून लख्ख आहेत."

खोलीवर आलो तर पलंगावर नवं बदक. चादर बदललेली, उशा टवटवीत, पाण्याच्या दोन बाटल्या. बाथरूममध्ये पट्टीसुद्धा नवीन. फरशी तशीच पिवळी, जाळीत केस तेच. मी पुन्हा नऊ नंबर लावायला निघाले, आई म्हणाली, राहू दे, आधी जेवून येऊ. मी म्हटलं, पोह्यांवरून जेवणाची कल्पना आलीच आहे. पण पाऊस लागला होता आणि तिचे गुडघे दुखत होते, म्हणून खालीच बसलो. थाळी सांगितली. वाढपी उभ्या उभ्या झोपत होता, पाणी तीनदा मागावं लागलं, पोळ्या आल्या त्या कडक. आणि मग आमटी. आईने पहिली वाटी भुरकली आणि तिचा हात थांबला. दुसरा घोट घेतला. "आमसूल आहे. चिंच नाही," तिने जाहीर केलं. गोडा मसाला, गुळाचा खडा, कढवलेल्या तुपाची फोडणी, वरून ओलं खोबरं. सणाच्या दिवशी आमच्याकडे होते तशी, किंवा खरं सांगायचं तर तिच्याहून दोन बोटं वर. आईने आचाऱ्याला बोलावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आला तो रुद्रप्रयागकडचा निघाला, पुण्यात बावीस वर्षं, कोण्या कोकणी महाराजाच्या हाताखाली शिकलेला. "मसाला बाहेरून नाही आणत, आजी," तो तिला मराठीत सांगत होता, "इथेच भाजतो. दगडफूल जास्त पडलं की कडवट होतो." आईने मान डोलावली, एका कारागिराने दुसऱ्याला डोलवावी तशी. तिने त्याला विचारलं, मग सकाळच्या पोह्यांचं असं का? तो ओशाळून हसला. "सकाळी मी नसतो."

पहाटे साडेपाचला मला जाग आली ती खसखस आवाजाने.

बाथरूमचं दार उघडं, दिवा लावलेला, आणि आई पालथ्या बादलीवर बसलेली, साडीचा काठ खोचून. हॉटेलच्या फुकटच्या टूथब्रशाने ती फरशीचा कोपरा घासत होती. लिंबाची फोड पिवळ्या थरावर दाबून ठेवायची, दहा-पंधरा मिनिटांनी वरून टूथपेस्टचं बोट, मग ब्रश. अर्धी फरशी तिने पांढरी करून टाकली होती. पुसायला हातात कालच्या बदकाचं पिल्लू, म्हणजे लहान टॉवेल. मी झोपेतच ओरडले. आई, आपण पैसे भरलेत इथे! तू त्यांचं संडास-मोरी घासणार? तिने मान वर केली नाही. "पैसे भरलेत ते खरं. पण वापरतोय आपण." मी म्हटलं, अशाने तर यांना कधीच कोणी जाब विचारणार नाही. ती म्हणाली, "तू विचार की. मी कुठे नको म्हणते. मला आंघोळ करायचीय." आणि टॉवेलने ती नळाखालचा गंजाचा ओघळ पुसायला लागली. तोच तो पट्टा.

या बाईला पुण्यात पाहुणी होण्याची सवय नाही, हे माझं म्हणणं किती चुकीचं होतं ते तिने त्या बादलीवरच बसून मला सांगितलं. पानशेत धरण फुटलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. १२ जुलै १९६१. नारायण पेठेतलं त्यांचं घर तळमजल्याचं. त्याच दिवशी खडकवासलाही गेलं, घरात पुरुषभर पाणी शिरलं, आणि ते ओसरलं तेव्हा मागे जो गाळ राहिला तो मांडीपर्यंत होता. भिंतीचा अर्धा भाग बसलेला, कणगीतलं धान्य फुगून फुटलेलं, आणि सगळ्याला तो वास. नळाला पाणी नाही, कारण नळाचं पाणी खडकवासल्याचंच. आजोबांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांनी, ज्यांना घरातल्या बाकीच्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, या सात जणांना सदाशिव पेठेत आपल्याकडे नेलं. दोन खोल्या, त्यात त्यांची पाच माणसं. एकोणीस दिवस राहिले. पुढे कोणी गोखलेनगरला गेलं, कोणी सहकारनगरला, हे परत आपल्या गाळात आले. त्या एकोणीस दिवसांचं आईला काय आठवतं? जेवण आठवत नाही. पांघरुणं आठवत नाहीत. तिला आठवतं की आजी रोज चारला उठून त्या घरची मोरी घासायची. विहिरीचं पाणी आधीच रात्री काढून ठेवलेलं असायचं, रहाटाचा आवाज होऊ नये म्हणून. घरच्या बाईला उठल्यावर मोरी स्वच्छ दिसे. तिने कधी विचारलं नाही, आजीने कधी सांगितलं नाही. "तुला कसं कळलं?" मी विचारलं. "मी राख आणून द्यायचे ना," आई म्हणाली.

हे ऐकल्यावर मी गप्प बसायला हवं होतं, असं आता वाटतं. पण त्या वेळी माझा राग उलट वाढलाच. ते कोणाच्या उपकाराखाली होतं आणि हे बत्तीसशे रुपये रोजाने आहे, यातला फरक हिला कळत कसा नाही, या विचाराने मी खाली गेले ती पेटलेलीच.

अकराला खोली सोडायची होती. काउंटरवर टाय लावलेला एक तरुण मॅनेजर, हसरा, तोंडपाठ. दोन रात्रींचे चौसष्टशे, त्यावर बारा टक्के कर, कालच्या दोन थाळ्या, थाळ्यांवर सर्व्हिस चार्ज चौसष्ट रुपये आणि सगळ्यात खाली: लिनन डॅमेज, ३५०. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, मॅडम, टॉवेलवर परमनंट स्टेन आहे, पॉलिसी आहे. मग मी सुरू झाले. फोनमधला चादरीच्या डागाचा फोटो काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. टॉवेलवरची घाण कोणाची, हे विचारलं. माझ्या आईने तुमची फरशी घासली, तिची मजुरी किती लावता, हे विचारलं. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय, हेही ऐकवलं. आवाज मी चढवत नव्हते. आमच्या पेठेत आवाज चढवत नाहीत, शब्द धारदार करतात. सोफ्यावर बसलेली दोन कुटुंबं पेपर खाली करून ऐकत होती आणि मला, कबूल करते, मजा येत होती. चार महिन्यांनी मी माझ्या शहरात माझ्या भाषेत भांडत होते. मॅनेजरने सर्व्हिस चार्ज काढला. साडेतीनशेवर तो अडून राहिला. मधेच त्याने मान वळवून लिफ्टकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "चौथा मजला तुझाच ना रे?" लिफ्टपाशी तो मराठवाड्याचा पोरगा मळक्या चादरींची गाडी धरून उभा होता. मी ते ऐकलं. कानावर पडलं म्हणणं जास्त खरं.

आईने ऐकलं. तिने कमरेचा खणाचा बटवा सोडला, शंभराच्या चार नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाली, "पन्नास परत द्या. आणि टॉवेल द्या."

मॅनेजर म्हणाला, टॉवेल?

"पैसे घेतलेत ना? मग तो आमचा. धुवायला टाकला असेल तर थांबते मी." संगणकात या गोष्टीसाठी कुठलाच रकाना नसावा. त्याने दोनदा पडद्याकडे पाहिलं, मग त्या पोराला खूण केली. पोरगा धावत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत तो ओला टॉवेल घेऊन आला, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा. निघताना आई काउंटरशी थांबली आणि म्हणाली, "आमटी मात्र उत्तम असते हो तुमच्याकडे. त्या आचाऱ्याला सकाळीही बोलवत जा."

कचेरीत त्या दिवशी तिचा अंगठा पहिल्या फटक्यात उमटला. हिरवा दिवा. लिंबामुळे, असं तिचं मत आहे आणि माझ्याकडे त्याविरुद्ध पुरावा नाही.

वाकडेवाडीहून नाशिकची गाडी पकडली. नारायणगावच्या आसपास फोनवर हॉटेलचा संदेश आला, आपला अनुभव कसा होता. स्वच्छता, सेवा, भोजन अशा तीन ओळी, प्रत्येकीपुढे पाच रिकाम्या चांदण्या. मी आईला वाचून दाखवलं. "आमटीला पाच, पोह्यांना शून्य," ती म्हणाली, "मधलं काय येतं ते तू बघ." मी म्हटलं, आणि सेवा? ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "त्या पोराच्या पगारातून कापले असते." तुला कोण म्हणालं? "तोच. काल सकाळी, तू खाली गेली होतीस तेव्हा." मग तिने तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. धुलाई बाहेर जाते, रात्री नग मोजून. एक कमी भरला किंवा डागाळला तर मजल्याच्या पोराच्या नावावर. सकाळपासून चौदा खोल्या त्याच्या एकट्याकडे. पलंग झाला की त्याचा फोटो काढून वरिष्ठाला पाठवायचा, बदकासकट, तेव्हाच खोली झाली असं धरतात. "फोटोत फरशी येत नाही," आई म्हणाली. ती हे अगदी सरळ आवाजात म्हणाली, गाड्यांची वेळ सांगावी तशी. मी विचारलं, मग काल रात्रीच मला का नाही सांगितलंस? "तुला भांडायचं होतं," ती म्हणाली. यात टोमणा होता की नव्हता ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

चांदण्या मी भरल्या नाहीत. पूर्ण पाच द्याव्यात असं काही झालं नव्हतं, आणि एक द्यावी तर ती कोणाच्या मजल्यावर जाऊन पडेल ते आता मला माहीत होतं. पण म्हणून त्या मालकाला, ज्याने लॉबीत ग्रॅनाइट घातलं आणि वर एका पोराला चौदा खोल्या दिल्या, त्याला सोडून द्यायचं का? आई म्हणते तू विचार की. त्याला कुठे गाठायचं? काउंटरवर तो नसतोच. तिथे टाय लावलेला एक मुलगा असतो, आणि त्याचाही कोणीतरी फोटो मागत असणार.

मागच्या आठवड्यात मी चौथ्यांदा ते फडकं ब्लीचमध्ये घालायला निघाले. आईने बादलीत डोकावून पाहिलं. "ब्लीचने गंज जात नाही, उलट धरून बसतो. गंजाला लिंबू-मीठ लावायचं आणि उन्हात टाकायचं." मी उडालेच. वर्ष होत आलं, तू मला हे आत्ता सांगतेस? आणि तुला माहीत होतं तर तूच का नाही काढलास?

ती फडकं पिळून हुकाला परत अडकवत होती.

"फडक्याचा डाग कोण काढतं?" म्हणाली.